एसीच्या आवाजात

एसीवाल्याने खटका बंद करून दहा मिनिटं तरी झाली होती. पुढची जाळी काढून त्याने ती बाल्कनीत नेऊन धुतली होती, परत आणून भिंतीला टेकवून ठेवली होती आणि आता स्टुलावर चढून, आतल्या नळ्यांवर टॉर्च मारत तो स्वतःशीच काहीबाही पुटपुटत होता. छताचा पंखा तेवढा फिरत होता. ती दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "अहो, यांच्यासाठी चहा टाकतेय. तुम्ही घेणार का अर्धा कप?" नवरा खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत बसला होता. त्याने पान उलटलं. ती दोन पावलं पुढे आली तशी तिची सावली पेपरावर पडली, तेव्हा कुठे त्याने मान वळवली, तिच्या ओठांकडे पाहिलं आणि नेहमीसारखं हसून म्हणाला, "जरा मोठ्याने बोल गं. या एसीच्या आवाजात काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

टॉर्चचा उजेड एका जागी थांबला. एसीवाल्याने खांद्यावरून मागे वळून आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बंद खटक्याकडे, मग तिच्याकडे. चाळिशीचा, पोट सुटलेला, याआधी जेमतेम दोनदा घरी येऊन गेलेला माणूस. पण त्याच्या ध्यानात आलं. आणि बावीस वर्षं जिचं काम माणसांना त्यांच्या कानांबद्दल खरं तेच दाखवायचं आहे, ती बाई आवाज चढवून पटकन म्हणाली, "हो ना, फारच खडखडायला लागलाय मेला. चहा घेणार का, एवढंच विचारत होते." नवऱ्याने मान डोलावली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. एसीवाला शहाणा निघाला. "मशीनच म्हातारी झालीय काका, आवाज करणारच," असं तो तितक्याच मोठ्याने म्हणाला आणि त्या मुक्या मशीनच्या पोटात उगाचच पाना फिरवत राहिला.

चहाचं पाणी उकळेपर्यंत ती ओट्याला धरून उभी राहिली. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या एका खोलीत, तिची काचेची पेटी होती. पेटी म्हणजे माणूस बसेल एवढी बंद खोली, आतून जाड फोम लावलेली, समोर एक काच. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, बारीकसा आवाज आला तरी दाबा. आणि हे सगळं करण्याआधी, रोज, प्रत्येक पेशंटच्या वेळी, ती पहिल्यांदा उठून खोलीतला एसी बंद करायची. एसी सुरू असताना घेतलेली तपासणी खोटी, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि तिने हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला तेच शिकवलं होतं. लोक फसवतात, हेही ती शिकवायची. मुद्दाम नाही फसवत. पण काचेतून तुमचा हात हलताना दिसला की बटण दाबतात, ठेका ओळखून दाबतात, भुवई बघून दाबतात. न ऐकू आलेल्याला ऐकू आलं म्हणावं असं माणसांना इतकं वाटतं की बिचारी घामाघूम होतात. म्हणून तुमचा हात लपवा, चेहरा कोरा ठेवा. हे इतकं सगळं ती जाणत होती आणि घरी चार वर्षं, पाच वर्षं, कोण जाणे किती वर्षं, एका माणसाच्या समोर जाऊन, तोंड दाखवून, हात हलवून बोलत होती. आणि तो बटण दाबत होता. चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली.

पण तिला कळणार तरी कसं? तो छापखान्यातला माणूस. चार मोठ्या मशीन एका हॉलमध्ये, एकीचं बोलणं दुसरीला ऐकू येणार नाही अशा, आणि त्यांच्यामध्ये तेहतीस वर्षं. तिथे कुणी तोंडाने बोलायचंच नाही. बोललं तरी ओठ वाचायचे. बाकी सगळं हातांनी. छातीवर दोन बोटं ठोकली की चहा. अंगठा बोटांवर चोळला की कागद संपलाय. डोक्याभोवती बोट फिरवलं की सुपरवायझर येतोय, कारण त्याला टोपी घालायची सवय होती. तो सुपरवायझर निवृत्त होऊन गेला, नंतरचा चांगला टक्कल मिरवणारा आला, तरी खूण टोपीचीच राहिली. पंजा आडवा धरून खाली दाबला की मशीन थांबव. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याने तिला सगळ्या खुणा शिकवल्या होत्या, पलंगावर समोरासमोर बसून, परीक्षा घेतल्यासारख्या. मग कुणाच्या घरी माणसांच्या गर्दीत ती बायकांमध्ये अडकून पडली की हॉलच्या त्या टोकावरून तो डोक्याभोवती बोट फिरवायचा. म्हणजे तिची सासू येत असायची. ती पदरात तोंड लपवून हसायची, आणि सासूबाईंना वाटायचं, सून किती लाजाळू मिळाली. असा माणूस ओठ बघून बोलतोय, यात नवं काय होतं? तो पहिल्यापासून तिच्या ओठांकडेच बघत आला होता. तिला वाटायचं, प्रेमाने बघतो. आता ओट्यावरचा चहा पुसताना तिला वाटलं, प्रेमानेही बघत असेल, त्यात काय, दोन्ही असू शकतं.

एसीवाल्याने चहा पिता पिता निकाल दिला. पंधरा वर्षं झाली, कॉम्प्रेसर दमलाय, मागची कॉइल गंजून चाळण झालीय. गॅस भरून देतो, पण तो किती टिकेल याची हमी नाही. "माझं ऐकाल तर यंदाच बदलून टाका काकू. नव्या मशीनला आवाजच नसतो. चालू आहे का बंद, हात धरून बघावं लागतं." त्याने हे सरळ मनाने सांगितलं, नेहमी सांगतो तसं, आणि सांगून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं. कप खाली ठेवून तो खिशात काहीतरी शोधायला लागला. तिला त्या रिकाम्या, आवाज नसलेल्या खोलीत नवरा बसलेला दिसला. समोर सबब नाही, आडोसा नाही. ती हाक मारते आहे, तो पान उलटतो आहे. मग एके दिवशी तो स्वतःच मान वर करून भिंतीवरच्या त्या गुळगुळीत पांढऱ्या पेटीकडे बघेल आणि त्याला कळेल. छापखान्यात जोडीदारांना टोपणनावं ठेवण्यात तो एक नंबर होता, आणि मशीनच्या पायी ज्याचे कान गेले त्या म्हाताऱ्या कामगाराला 'भिंत' हे नाव त्यानेच ठेवलं होतं. ते आठवून पुढे कितीदा तरी त्याला वाईट वाटलं होतं. तिने नवऱ्यासमोर जाऊन, चेहरा त्याच्याकडे करून, स्पष्ट विचारलं, "काय करायचं? बदलायचा का?" तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." ती म्हणाली, "राहू दे अजून एक वर्ष. चालतोय ना." त्याने क्षणभर एसीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, "राहू दे मग."

आणि तिच्या जिवात जीव आला. आपण एका माणसाची लाज राखली असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, कारण असं काही सुचायला संसार मुरावा लागतो. पुढचे सात-आठ महिने तिने त्या एसीची जी सेवा केली ती माहेरच्या पाहुण्यांचीही केली नसेल. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती आधी एसी लावायची. लेकीचा फोन आला, नातीला दात आला, वरच्या मजल्यावरचे घर सोडून चालले, काहीही असो. खटका दाबायचा, मशीन खाकरत सुरू झाली की त्याच्यासमोर जाऊन मोठ्याने बोलायचं. हवा थंड झाली तरी ते चालूच राहिलं. दोघं शाल पांघरून एसीत बसायची. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, तुम्ही दोघं काय बर्फाच्या कारखान्यात राहता का? बाबांच्या डोक्यावर कानटोपी आहे." ती म्हणाली, "त्यांना उकडतं." लेक म्हणाली, "मी पाठवते नवीन एसी. हा असला कसला आवाज, मला इथे ऐकू येतोय." तर ती जवळजवळ ओरडलीच, की काही पाठवू नकोस, आम्हाला सवय आहे त्याची. स्क्रीनवर लेकीचा चेहरा लहानपणी रागावल्यावर व्हायचा तसा झाला. नवरा शेजारी बसून आळीपाळीने दोघींच्या ओठांकडे बघत होता.

एकदा ती दवाखान्यातून लवकर आली तर तो स्टुलावर चढलेला. साठी उलटलेला माणूस, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात कागदाची घट्ट घडी, ती एसीच्या लाकडी चौकटीत ठोसतोय. छापखान्यात मशीन थरथरायला लागली की तिच्या पायाखाली अशाच घड्या सारायची त्याची ख्याती होती. चार माणसं मोजमाप घेत बसायची आणि हा कागदाची सात पदरी घडी करून काम संपवायचा. "अहो, पडाल," ती म्हणाली आणि मग त्याच्या पोटरीला हात लावून पुन्हा म्हणाली. तो दचकला. "फटीतून वारा येतो गं," म्हणत खाली उतरला आणि हात झटकून, वाकून, चपला शोधायला लागला. तिला बरं वाटलं. रिकाम्या माणसाला काही उद्योग हवाच. तिने त्याला पायाशीच पडलेल्या चपला दाखवल्या.

दवाखान्यात मात्र तिचं काहीतरी बिनसत चाललं होतं. तपासणीआधी एक कागद भरायचा असतो. प्रश्न ठरलेले: कधीपासून कमी ऐकू येतं, घरात आधी कुणाला होतं का, कामाच्या ठिकाणी आवाज असतो का, कानात आवाज येतो का. चौथ्या प्रश्नाला लोक फुलायचे. कुणी म्हणायचं शिट्टी वाजते, कुणी म्हणायचं रातकिडे, एक बाई म्हणाली होती की लांब कुठेतरी पंप चालू आहे आणि कुणी बंद करत नाही. ती ऐकून घ्यायची आणि 'हो'पुढच्या चौकोनात खूण करायची. कागदावर चौकोनापेक्षा जास्त जागाच नव्हती. हल्ली हे प्रश्न विचारताना तिला मध्येच थांबायला व्हायचं. समोर छापखान्यातले, गिरणीतले, गाड्यांवरचे लोक बसलेले असायचे आणि ती त्यांना सांगायची, लपवू नका, जितक्या लवकर कळेल तितकं बरं. मग उठून एसी बंद करायची आणि त्या खटक्यावर बोट असताना तिला घरचा खटका आठवायचा. एका पेशंटची बायको जाताना म्हणाली, "तुमच्या घरच्यांचं बरं आहे, घरातच डॉक्टर." ती डॉक्टर नव्हती, पण ते दुरुस्त करायचं तिला सुचलं नाही.

मग तो रस्त्याचा प्रसंग झाला. फार काही झालं नाही. दोघं भाजी घेऊन परत येत होती, ती किराणा दुकानाशी रेंगाळली, तो पिशवी घेऊन पुढे झाला. मागून टेम्पो आला, रिव्हर्समध्ये, ते चिरचिरणारं भोंग्याचं संगीत वाजवत. सगळा रस्ता बाजूला झाला. तो आपला मधोमध, सावकाश, पिशवीतल्या कोथिंबिरीची जुडी नीट बसवत चालला होता. ती धावली. त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरून तिने त्याला ओढलं तेव्हा टेम्पो दोन हातांवर होता. टोमॅटो रस्त्यावर पसरले. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "आजोबा, ऐकू येत नाही का?" नवरा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग तो तिला म्हणाला, "लक्ष नव्हतं गं माझं." इथे एसी नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू सवयीची एखादी वस्तू जागेवर सापडत नाहीये, आणि खाली वाकून टोमॅटो वेचायला लागला. तिला स्वतःचा राग आला, असा की दातावर दात आवळले गेले. आपण याची लाज जपत बसलो आणि हा मरायला निघाला होता. घरी येताच, पिशवीही न उचलता, तिने एसीवाल्याला फोन लावला. "नवीन आणा," ती म्हणाली. "लवकरात लवकर."

शनिवारी सकाळी एसीवाला जोडीदाराला घेऊन आला. नव्या मशीनचा खोका हॉलमध्ये उभा केला, आणि दोघं जुन्याला भिंतीतून सोडवायला लागले. नवरा खुर्ची जरा मागे घेऊन बघत बसला होता, ताठ, हात गुडघ्यांवर. छापखान्यातली जुनी मशीन भंगारात गेली तेव्हाही तो असाच बसला होता म्हणे. तिने ठरवलं होतं, आज बोलायचं. मशीन लागून माणसं गेली की समोर बसून सांगायचं. वाक्य तयार होतं, गेले तीन दिवस ती ते भांडी घासताना म्हणून बघत होती. तेवढ्यात एसीवाला म्हणाला, "काकू, हे काय आहे?"

चौकटीतून कागद निघत होते. सुरुवातीला एक-दोन घड्या, मग ओढाल तितक्या. वर, खाली, दोन्ही कडांना, सात पदरी, नऊ पदरी, खाचेत बरोब्बर बसवलेल्या. पेपरच्या, कॅलेंडरच्या, तिच्या दवाखान्यातल्या जुन्या पाकिटांच्या. मध्ये रबराचे तुकडे, बुचाच्या चकत्या, नातीच्या दुपट्याची एक पट्टी. काही पिवळ्या पडून भुगा झालेल्या, म्हणजे चार-पाच वर्षांच्या. काही गेल्या आठवड्यातल्या, तारखेसकट. एसीवाल्याने ओंजळभर घड्या जमिनीवर ठेवल्या आणि डोकं खाजवलं. "एवढं कशाला केलं काकांनी? ही मशीन हलतच नव्हती. आवाज होता, पण तो आतला, कॉम्प्रेसरचा." त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग जोडीदाराबरोबर ते जड धूड उचललं. खाली टेम्पोत ठेवून येतो, चहा पिऊन येतो, अर्धा तास लागेल, असं सांगून ते जिना उतरून गेले.

भिंतीत चौकोनी भोक उरलं. त्यातून उजेड आत आला आणि समोरच्या भिंतीवर पडला, जिथे पंधरा वर्षांत ऊन कधी पोचलं नव्हतं. ती घड्यांच्या ढिगाशी उकिडवी बसली. एक उलगडून बघितली. कोडं अर्धवट सोडवलेलं होतं. वारा येतो म्हणून कुणी बुचाच्या चकत्या कापत नाही, हे तिला इतक्या उशिरा कळत होतं. आणि मागून त्याचा आवाज आला, हळू, त्याला स्वतःला ऐकू आला नसेल इतका हळू.

"गेला ना तो?" तो म्हणाला. "मग हा आवाज कसला गं?"

ती वळली. तो त्या भोकाकडे बघत होता. तिने त्याच्या चेहऱ्यावर भीती फार थोड्या वेळा पाहिली होती. लेक जन्मली तेव्हा, आणि त्याचे वडील गेले तेव्हा. "मला वाटायचं याचाच आहे," तो सांगायला लागला. "बाहेर गेलो तरी यायचा. म्हटलं, डोक्यात भरून राहिलाय. छापखान्यातून घरी आलो तरी मशीन ऐकू यायची ना, तसं असेल. हा गेला की जाईल. किती वेळा वाटलं, सांगावं तुला, बदलून टाकू. पण तू म्हणालीस राहू दे. दिवसभर त्या बंद पेटीशी बसून येतेस, घरी आलीस की पहिल्यांदा हा लावतेस. मला वाटलं, तुला बरं वाटतं त्या आवाजाने. म्हणून मग आधीपासून करत होतो तेच मी आपला," त्याने घड्यांकडे बोट दाखवलं, "जमेल तेवढा."

आठ महिने. ती आठ महिने त्याच्यासाठी खटका दाबत होती आणि तो तिच्यासाठी सहन करत होता. चौथा प्रश्न. बावीस वर्षांत हजारो अनोळखी माणसांना विचारलेला, आणि एका माणसाला एकदाही न विचारलेला. तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ती उठली, तिपाई ओढून त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. "माझं चुकलं," ती म्हणाली. त्याने ओठ वाचले, पण अर्थ लागला नसावा. "तो आवाज एसीचा नाहीये. तुमच्या कानातला आहे. मशीनपाशी राहून होतं असं. ऐकूही कमी येतंय तुम्हाला, बरंच कमी. मला माहीत होतं, मी बोलले नाही." त्याची नजर तिच्या तोंडावरून डोळ्यांवर गेली आणि तिथे राहिली. मग हात उचलून, पंजा आडवा धरून, त्याने तो हळूच खाली दाबला. मशीन थांबव. भुवया मात्र वर, म्हणजे प्रश्न होता. थांबेल का?

ती सवयीने हो म्हणणार होती. तोंडाशी आलं होतं. तिने मान हलवली, नाही. "कमी होऊ शकतो. कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्याने खूप फरक पडतो. सोमवारी पेटीत बसवते तुम्हाला. पण अगदी थांबेल असं मी म्हणणार नाही." "भिंत," तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला, आणि ते जमलं नाही. तिने त्याचा हात धरला. शाईचे डाग निवृत्तीनंतर सहा वर्षांनीही नखांच्या कडांना होते.

"तुला येतो का तो ऐकू?" त्याने विचारलं. "अगदी जवळून?"

असा आवाज बाहेरच्या माणसाला ऐकू येत नाही. कुणी असं विचारलं तर पेशंटला समजावून सांगण्याची तिची एक पद्धत होती, दोन वाक्यांची. ती पुढे झुकली, त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आपला कान त्याच्या कानाला लावला. त्याचा कान गरम होता. खालून रस्त्यावरची भाजीवाल्याची हाक त्या चौकोनी भोकातून आत आली, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, खालच्या मुलीने बाजाच्या पेटीवर दोन सूर चुकवले. त्याचा श्वास ऐकू येत होता. ती डोळे मिटून, पेशंट बसतात तशी, अगदी बारीक आवाजालाही बटण दाबायला तयार, बसून राहिली.

"आला?"

"नाही," ती त्याच्या कानाशी म्हणाली, मग मागे सरून त्याला दिसेल असं पुन्हा म्हणाली, "नाही आला. तुम्ही सांगा मला. कसा आहे?"

तो विचारात पडला. कुणी हे विचारेल असं त्याला वाटलं नसावं. "आपली चार नंबरची मशीन माहितेय ना तुला," तो म्हणाला. "सकाळी सुरू केली की पहिली पाच मिनिटं कागद घालायचे नाहीत तिला. नुसती फिरू द्यायची. रिकामी." त्याने हाताने तिचा वेग दाखवला. ती त्याचा हात बघत होती. "तशी. पण लांबून, दोन भिंतींपलीकडून. आणि मध्ये मध्ये तिच्यावर एक बारीक तार." जिन्यात पावलं वाजली, एसीवाला आणि त्याचा जोडीदार बोलत वर येत होते. तिने मागे न बघता, दाराच्या दिशेने, पंजा आडवा धरून खाली दाबला. त्यांना ती खूण कळायचं काही कारण नव्हतं, पण दोघं उंबऱ्यातच थांबले.

"तार कशी?" तिने विचारलं, आणि तो सांगायला लागला.